उजेडाचं खळं

कार्तिक पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर पणत्या लागतात. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. इतरांसाठी एवढंच सांगतो, की उजाडण्याआधीच्या त्या तास-दीड तासात दगडी पायऱ्या, काठावरची देवळं आणि खालचं संथ पाणी हे सगळं फक्त तेलवातीच्या उजेडावर उभं असतं. काही वर्षांपूर्वी मी ट्रायपॉड घेऊन तिथे गेलो होतो. पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता. प्रत्येक ज्योतीभोवती सोनेरी वलय होतं, आणि लांबच्या पायऱ्यांवर ती वलयं एकमेकांत मिसळून उजेडाची सलग पट्टी झाली होती. मी चाळीसेक फोटो काढले.

घरी येऊन ते संगणकावर उघडले आणि मन खट्टू झालं. फोकस अचूक होता, पायरीचा दगडन् दगड मोजता येत होता, पण ज्योतींच्या जागी पांढरे ठिपके होते. ठिपका संपला की लगेच काळोख सुरू. डोळ्यांनी पाहिलेली पहाट त्या फोटोत उतरलीच नव्हती.

चंद्राभोवती वलय दिसलं की आपल्याकडे म्हणतात, चंद्राला खळं पडलं. आकाशातलं मोठं खळं ढगांतल्या हिमकणांमुळे पडतं, पणतीभोवतीचं थोडं धुक्याच्या थेंबांमुळे आणि बरंचसं आपल्या डोळ्यांमुळे. कारणं वेगळी असली तरी शब्द मला फार नेमका वाटतो. खळं म्हणजे उजेड आपली हद्द ओलांडून शेजारच्या काळोखात सांडणं. फोटो-एडिटिंगमध्ये ज्याला सॉफ्ट ग्लो म्हणतात, ते हे खळं पुन्हा पाडण्याचं काम आहे.

डोळ्यांचा त्यातला वाटा नीट समजून घ्यायला हवा. पारपटल, नेत्रभिंग आणि आतला द्रव यांतून जाताना थोडा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो. दिवसा ते जाणवत नाही. काळोखात एकच तेजस्वी ज्योत असली, की तो विखुरलेला अंश दृष्टिपटलावर तिच्याभोवती पातळ पडद्यासारखा पसरतो. माझ्या आईला मोतीबिंदू झाला तेव्हा ती सांगायची, की समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुलासारखे उमलतात. भिंग गढूळ झाल्यामुळे तिच्या डोळ्यांत विखुरणं फार वाढलं होतं. निरोगी डोळ्यांतही तेच घडतं, फक्त बेताने. कॅमेऱ्याचं आधुनिक भिंग मात्र हे विखुरणं होऊ नये म्हणूनच घडवलेलं असतं. त्याच्या काचांवरचे लेप प्रकाशाला जागच्या जागी धरून ठेवतात. म्हणून माझा फोटो खोटा नव्हता, पण मी पाहिलेलं त्यात नव्हतं.

पहिला उपाय मला सुचला तो बहुतेकांना सुचतो. मी अख्खा फोटो ब्लर केला. वलयं आली, पण पायऱ्या गेल्या, माणसांचे चेहरे गेले, आणि चष्मा काढून ठेवल्यावर दिसतं तसं काहीतरी पडद्यावर उरलं. मग ब्लर कमी केला, तर वलयंही कमी झाली. त्या रात्री बऱ्याच उशिरा माझ्या लक्षात आलं, की घाटावर मला पायऱ्याही स्वच्छ दिसत होत्या आणि वलयंही दिसत होती. दोन्ही एकाच वेळी. या तंत्राचं सगळं मर्म तिथे आहे. ग्लो म्हणजे धूसर चित्र नव्हे. एक रेखीव चित्र आणि त्याच जागेचं एक धूसर चित्र एकावर एक पडतात, तेव्हा ग्लो होतो. रेखीव चित्र नजरेला धरून ठेवतं आणि धूसर चित्र उजेड सांडतं. दोघांतलं एक काढून घेतलं तर दुसरं निरर्थक होतं.

ही जोडी संगणकाच्या फार आधीची आहे. कोलकात्यात 1815 साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमरून यांना वयाच्या 48 व्या वर्षी, 1863 साली, इंग्लंडमध्ये मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांनी काढलेल्या चेहऱ्यांच्या कडा मऊ, विरघळल्यासारख्या असायच्या. त्या काळच्या जाणकारांनी त्यांना फोकस करता येत नाही असा दोष दिला. पण 1867 साली त्यांनी काढलेला शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा फोटो पाहा. अंधारातून वर आलेला तो म्हातारा चेहरा आणि प्रकाशाने पेटल्यासारखे वाटणारे पांढरे केस. दोष देणारे आज कुणाच्या लक्षात नाहीत, तो चेहरा मात्र विसरता येत नाही.

पुढे भिंगं बनवणाऱ्यांनी हा मऊपणा मुद्दाम घडवायला घेतला. साध्या गोल पृष्ठभागाच्या भिंगात एक जन्मजात दोष असतो. मधून जाणारे किरण एका जागी एकत्र येतात आणि कडेने जाणारे त्याच्या थोडे अलीकडे. चांगल्या भिंगात तो निस्तरतात, सॉफ्ट-फोकस भिंगात जपून ठेवतात. परिणाम असा, की मधले किरण रेखीव चित्र उमटवतात आणि त्याच क्षणी कडेचे किरण त्यावर धूसर चित्र पसरतात. म्हणजे पुन्हा तीच जोडी, एकाच काचेत. अॅपर्चर लहान केलं की कडेचे किरण अडतात आणि मऊपणा ओसरतो. रोडेनस्टॉक या जर्मन कंपनीच्या इमागॉन भिंगात तर चाळणीसारखी भोकं असलेली चकती बसवायचे. मधल्या मोठ्या भोकातून रेखीव चित्र आणि भोवतालच्या लहान भोकांतून मऊपणा, आणि त्यांचं प्रमाण छायाचित्रकाराच्या हातात.

हॉलिवूडच्या कॅमेरामननी नायिकेच्या क्लोज-अपसाठी भिंगापुढे जाळीचं कापड लावलं, रेशमी मोजे ताणले. आपल्याकडचे लग्नाचे फोटोग्राफर फिल्टरच्या काचेवर कडेकडेने व्हॅसलिन चोपडायचे आणि मध्यभागी रुपयाएवढी जागा कोरी ठेवायचे. नव्वदच्या दशकातला कोणताही अल्बम उघडा. नवरीचा चेहरा स्पष्ट आणि भोवतालचे दिवे, फुलं, शालू दुधात कालवल्यासारखे, असा एक तरी फोटो निघेलच. या प्रकाराची हेटाळणीही खूप झाली. अमेरिकेत 1932 साली अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या मित्रांनी भिंगाच्या अतिशय लहान अॅपर्चरवरून एफ/64 असं नाव घेऊन गट काढला, तोच मुळी काठोकाठ रेखीव चित्राचा आग्रह धरायला. त्यांचं काम मला मनापासून आवडतं. पण खडकाला आणि डोंगराला लागू पडणारा त्यांचा नियम पणतीला लागू पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आज संगणकावर जे केलं जातं त्याचं मूळ मात्र कॅनडात आहे. मायकेल ऑर्टन या छायाचित्रकाराने 1980 च्या दशकात एक पद्धत रूढ केली. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून त्याच दृश्याच्या दोन स्लाइड घ्यायच्या, एक अचूक फोकसची आणि दुसरी फोकस मुद्दाम बिघडवलेली. धुऊन आल्यावर दोन्ही एकमेकींवर ठेवून एकाच चौकटीत बसवायच्या. यात एक अडचण होती. स्लाइड म्हणजे रंगीत गाळणी. एका स्लाइडमधून निम्मा प्रकाश पार जात असेल, तर तशा दोन एकत्र ठेवल्यावर निम्म्याचा निम्मा, म्हणजे पावभरच जाईल. सगळं चित्र काळवंडेल. म्हणून दोन्ही स्लाइड आधीच जास्त प्रकाश देऊन फिकट काढायच्या. फिकट आणि फिकट मिळून योग्य उजळपणा यायचा, आणि त्याबरोबर जलरंगाच्या चित्रासारखे गहिरे, एकमेकांत उतरणारे रंग. जंगलातली वाट, पानांतून येणारं ऊन, फुलांची शेतं या विषयांना ते फार शोभलं. आज त्याला ऑर्टन इफेक्ट म्हणतात.

संगणकावर दोन स्लाइडची गरज नाही. फोटोशॉपची पहिली आवृत्ती 1990 साली बाजारात आली आणि 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले. तेव्हापासून ऑर्टनची सगळी खटपट तीन पायऱ्यांत होते. फोटोची प्रत करून ती मूळ फोटोवर स्क्रीन या मोडमध्ये ठेवायची, म्हणजे चित्र फिकट होतं. त्या फिकट चित्राची आणखी एक प्रत काढून तिला गॉसियन ब्लर द्यायचा. मग ती धूसर प्रत मल्टिप्लाय मोडमध्ये वर ठेवायची. फुकट मिळणाऱ्या गिम्पमध्येही हेच जसंच्या तसं करता येतं. त्यात सॉफ्टग्लो नावाचा तयार फिल्टरही आहे, पण आधी हाताने करून पाहावं, कारण गंमत आतल्या गणितात आहे.

काळ्याला 0 आणि पांढऱ्याला 1 म्हणा. मल्टिप्लाय दोन चित्रांच्या उजेडांचा गुणाकार करतो. स्क्रीन त्यांच्या काळोखांचा गुणाकार करतो, काळोख म्हणजे 1 वजा उजेड. मधला राखाडी 0.5 घ्या. स्क्रीनमध्ये तो स्वतःवरच ठेवला की काळोख 0.5 गुणिले 0.5, म्हणजे 0.25 उरतो आणि उजेड 0.75 होतो. मग मल्टिप्लायमध्ये 0.75 गुणिले 0.75, म्हणजे साधारण 0.56. राखाडी किंचित उजळला. हेच 0.8 ला केलं तर 0.92 येतात, आणि 0.2 चे 0.13 होतात. म्हणजे उजळ भाग आणखी उजळतो आणि गडद भाग आणखी गडद होतो. आता झेंडूचं फूल घ्या, ज्यात लाल 0.8, हिरवा 0.5 आणि निळा 0.2 आहे. ते 0.92, 0.56 आणि 0.13 होतं. लाल आणि निळ्यातलं अंतर वाढलं, म्हणजे केशरी रंग आणखी पिकला. ऑर्टनच्या चित्रांतले रंग गहिरे का दिसतात, याचं उत्तर या एवढ्या आकडेमोडीत आहे. कुठेही रंग वाढवण्याचा स्लायडर हलवावा लागत नाही.

उजळणं थांबून काळवंडणं सुरू होतं तो बिंदू शोधायला मी एकदा वही घेऊन बसलो. उत्तर आलं 0.382. सुवर्ण गुणोत्तराच्या कुटुंबातला हा आकडा आहे! 1 मधून 0.618 वजा केले की तो मिळतो, आणि 0.618 चा वर्गही तोच येतो. त्याचा सौंदर्याशी संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो, पण कामाला तो उपयोगी आहे. फोटोशॉपच्या 0 ते 255 च्या मापात तो जवळपास 97 पडतो. चेहऱ्याची सावलीकडची बाजू 97 च्या खाली असेल, तर ऑर्टन ती आणखी काळी करणार. आधी तिथला उजेड थोडा वाढवून घ्यावा.

आता खरा प्रश्न, वलय कुठून येतं? वरचे आकडे सपाट भागाचे होते, जिथे धूसर झाल्यावरही रंग बदलत नाही. ज्योतीशेजारचा काळा दगड घ्या, 0.1 चा. फिकट झाल्यावर तो 0.19 होतो. ज्योतीपासून लांब असेल तर धूसर थरातही तिथे 0.19 च असतात आणि गुणाकार 0.036 येतो. दगड जवळपास काळाठिक्कर. पण ज्योतीच्या अगदी जवळ असेल, तर ब्लरमुळे ज्योतीचा उजेड धूसर थरात तिथवर पसरलेला असतो. समजा तिथे 0.6 झाले, तर गुणाकार येतो 0.114. म्हणजे मूळच्या 0.1 पेक्षा किंचितच जास्त. हे मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसलो होतो. ऑर्टनच्या पद्धतीत ज्योतीजवळचा दगड उजळतच नाही म्हटलं तरी चालेल. लांबचा दगड काळवंडतो, आणि म्हणून जवळचा उजळलेला दिसतो. हे खळं उजेडापेक्षा काळोखाने जास्त घडतं.

धुकं, म्हातारं भिंग, व्हॅसलिनचा फिल्टर यांची रीत वेगळी आहे. तिथे काळोखात खरोखरच जास्तीचा उजेड येऊन पडतो. तसं हवं असेल तर मूळ फोटोची धूसर प्रत थेट स्क्रीन मोडमध्ये वर ठेवायची. 0.1 च्या दगडावर 0.5 चा धूसर उजेड पडला, तर तो थेट 0.55 होतो. वलय खरोखर सांडतं. त्याची किंमतही मोजावी लागते, कारण लांबचा 0.1 चा दगडसुद्धा 0.19 होतो आणि सगळ्या फोटोवर दुधाची साय धरल्यासारखं दिसतं. म्हणून विषय पाहून निवड करावी. आंबोलीच्या घाटातल्या पावसाळी सकाळीला स्क्रीन शोभतो, कारण तिथे काळा रंग मुळातच नसतो. जंगलातल्या उन्हाच्या कवडशांना ऑर्टनची मल्टिप्लायची रीत शोभते.

ब्लर किती द्यावा, हे पुस्तकांत पिक्सेलच्या आकड्यात छापतात आणि तिथे नवशिके फसतात. सहा हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोला 40 चा ब्लर मऊ वाटतो. तोच आकडा मोबाइलवर पाठवलेल्या बाराशे पिक्सेलच्या फोटोला दिला तर माणूस ओळखू येत नाही. मी रुंदीच्या अर्ध्या ते एक टक्क्यापासून सुरुवात करतो, पण अखेर पाहतो ते चित्रातली वस्तू. वलय ज्योतीच्या दुप्पट-तिप्पट रुंदीचं असावं, पायरीच्या उंचीएवढं होऊ नये. खऱ्या धुक्याचं वलय मधोमध दाट असतं आणि नंतर फार लांबपर्यंत विरत जातं. एकट्या गॉसियन ब्लरला हे साधत नाही. त्याची घंटेसारखी वक्ररेषा लवकर शून्यावर उतरते आणि वलयाला कापसाच्या बोळ्यासारखी कड दिसू लागते. म्हणून मी एकाऐवजी तीन धूसर थर घेतो, 15, 50 आणि 160 पिक्सेलचे, आणि मोठा ब्लर असलेला थर सर्वांत पातळ ठेवतो. या एका बदलाने माझ्या कामात जेवढा फरक पडला तेवढा कोणत्याही विकतच्या प्रीसेटने पडला नाही.

दुसरी सुधारणा थोडी आडवळणाची आहे, पण दिव्यांचे फोटो करणाऱ्याने ती समजून घ्यावीच. फोटोतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात साठवलेले नसतात. 255 पैकी 128 म्हणजे निम्मा प्रकाश असं वाटतं, प्रत्यक्षात तो पांढऱ्याच्या जेमतेम 22 टक्के असतो. डोळ्यांना गडद छटांतले फरक जास्त कळतात, म्हणून ही सोय केलेली आहे. पण ब्लर म्हणजे शेजारच्या पिक्सेलची सरासरी. काळ्या आणि पांढऱ्याची साठवलेल्या आकड्यांवरून सरासरी काढली तर 128 येतात. खऱ्या प्रकाशाची सरासरी काढून ती परत साठवली तर 188 येतात. हा फरक लहान नाही. नेहमीच्या पद्धतीने ब्लर केलेल्या ज्योती मळकट का दिसतात, ते यातून कळतं. फोटोशॉपमध्ये फाइल 32 बिटमध्ये नेली की हिशेब खऱ्या प्रकाशात होतो. गिम्पमध्येही 2018 च्या 2.10 आवृत्तीपासून तशी सोय आहे.

तरीही एक उणीव उरते, आणि ती कोणत्याही सॉफ्टवेअरला पूर्ण भरून काढता येत नाही. सेन्सरची एक मर्यादा असते. त्यापलीकडचं सगळं 255 वर अडतं. माझ्या फोटोत पणतीची ज्योत 255 होती आणि तिच्या उजेडात बसलेल्या आजोबांचं धुवट धोतरही 255 च्या जवळ. प्रत्यक्षात ज्योत त्या धोतराच्या कितीतरी पट तेजस्वी होती. ब्लरला ते माहीत नाही, म्हणून तो धोतरालाही ज्योतीइतकंच खळं पाडतो. भिंगापुढे लावलेला मिस्ट फिल्टर अशी गल्लत करत नाही. तो सेन्सरच्या आधी, खऱ्या प्रकाशावर काम करतो, आणि ज्योतीतला छोटा अंश विखुरला तरी तो डोळ्यांत भरतो. त्यामुळे दिव्यांच्या कामाला जाताना आता मी हलका मिस्ट फिल्टर बरोबर नेतो. जुन्या फोटोंना मात्र मास्कच लागतो. ज्योतींचा वेगळा लेअर करायचा, त्यांचा उजेड 32 बिटमध्ये चार-पाच पट वाढवायचा, आणि मगच त्याला ब्लर द्यायचा. आजोबांचं धोतर त्या लेअरमध्ये घ्यायचंच नाही.

चेहऱ्यांच्या बाबतीत माझा नियम एकच आहे. डोळे, भुवया आणि ओठांची रेघ धूसर थराखाली जाऊ द्यायची नाही. मास्कवर मऊ ब्रशने तेवढा भाग पुसून घ्यावा. कातडीवरचा ग्लो 20 टक्क्यांच्या वर गेला की माणसाचं वय पुसलं जातं, आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसण्याचा हक्क मला कुणी दिलेला नाही. सुरकुत्यांच्या कडांवर उजेड थोडा रेंगाळावा, इतपत ठीक.

घाटाचा तो फोटो मी अखेर असा केला. पायऱ्या आणि पाण्यासाठी ऑर्टनची जोडी, 30 टक्के ऑपॅसिटीवर. ज्योतींसाठी वेगळा लेअर, तीन ब्लर, स्क्रीन मोड. धुक्याच्या पट्ट्याला काहीच नाही, कारण ते काम धुक्याने आधीच केलं होतं. ज्योतींचं 32 बिटमधलं काम आटोपल्यावर सगळी फाइल 16 बिटमध्ये, नाहीतर रंगांच्या मंद उतारावर पट्टे उमटतात.

मग प्रिंट काढली आणि पुन्हा अडलो. पडद्यावर ज्योत स्वतः प्रकाश देते. कागदावरची ज्योत कागदापेक्षा पांढरी होऊच शकत नाही. पडद्यावर जिवंत वाटणारी वलयं मॅट कागदावर हळदीच्या डागांसारखी दिसत होती. ज्योती आणखी उजळायला जागाच नव्हती. शेवटी मी ज्योतींना हात लावला नाही. वरच्या कोपऱ्यातलं आकाश आणि डावीकडच्या रिकाम्या पायऱ्या थोड्या गडद केल्या, वलयांच्या बाहेरच्या कडेपासून हळूहळू वाढत जाईल अशा बेताने. दुसरी प्रिंट वाळायला भिंतीशी उभी केली, खोलीतला दिवा घालवला आणि खिडकीतून येणाऱ्या संध्याकाळच्या उजेडात पाहिली, तेव्हा खालच्या पायरीवरच्या तीन पणत्या लागलेल्या होत्या.